फळा, वर्कशॉप आणि मोबाईल

यंत्राला जात नसते, असे आपले पांढरपेशे सुधारक मोठ्या हौसेने सांगतात. नसेलही. पण यंत्रापर्यंत जाणारी वाट जातीच्या वस्तीतूनच जाते, त्याचे काय?

शाळेतले सर्वांत साधे साधन म्हणजे फळा. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी भीमरावांना गणित सोडवण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा सवर्ण मुलांनी एकच गिल्ला केला. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. डबे हलले, मगच फळा मोकळा झाला. शाळा सरकारी, फळा सरकारी. विटाळ मात्र समाजाच्या मालकीचा!

ही कथा आपण वारंवार सांगतो. २९ ऑक्टोबर १९४२ चे निवेदन मात्र फारसे वाचत नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते सांभाळत असताना बाबासाहेबांनी ते गव्हर्नर जनरलला दिले. कला आणि कायदा शिकून अस्पृश्यांचे फारसे भले होणार नाही, त्यांना उच्च दर्जाचे विज्ञान व तंत्रशिक्षण हवे, असे त्यांनी त्यात बजावले. आमची मुले कला-कायद्याकडे वळतात ती या शिक्षणाचा खर्च झेपत नाही म्हणून, हेही सांगितले. शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपांत उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आपल्या चळवळीने कवितेचे जेवढे कौतुक केले तेवढे वर्कशॉपचे केले नाही, हे इथे कबूल केले पाहिजे.

२०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातल्या अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक आढळला, शहरांत २३.४ टक्के. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना टाळे लागले आणि वर्ग मोबाईलवर गेला. ज्या घरात एकच मोबाईल, तिथे तो बापाबरोबर कामावर गेला की पोराची शाळा सुटली. भाऊ-बहिणीचे तास एका वेळी आले, तर बहुधा बहिणीचा बुडाला. त्या पोरांची हजेरी कोणी कशी मांडली असेल?

आणि ती १९४४ ची शिष्यवृत्ती? महाराष्ट्रात तिचा अर्ज आता महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. ज्याच्या घरी संगणक नाही तो विद्यार्थी तालुक्याच्या नेट कॅफेत जातो, जातीचा दाखला स्कॅन करतो, सर्व्हर बंद असला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा एस.टी.चे तिकीट काढतो. शिष्यवृत्ती मिळण्याआधीचा हा खर्च कोणत्याच खात्यात मांडलेला नसतो.