खेळ बंद असतानाचा खेळ

अनसिंगमध्ये इतिहासाच्या व्याख्यानाला ऑनलाइन गेम आणि वेबकॉमिक असा विषय म्हटल्यावर काहींच्या भुवया वर जाणारच. इतिहास म्हटला की आपल्याला वत्सगुल्म आठवतं. आपलं वाशीम वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होतं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण पंचवीस वर्षांपूर्वीचाही इतिहास असतो, आणि तो दीड हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासापेक्षा लवकर हरवतो. ताम्रपट जमिनीत टिकतो, मोबाइलमधला फोटो टिकत नाही.

एक वर्ष लक्षात ठेवू या, १९९८. त्या वर्षी १ जुलैला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत स्कॉट कर्ट्झ यांनी 'पीव्हीपी' ही चित्रमालिका इंटरनेटवर सुरू केली. गेमिंगच्या एका मासिकाचं ऑफिस आणि तिथली माणसं हा तिचा विषय. नोव्हेंबरात माइक क्राहुलिक आणि जेरी हॉलकिन्स यांची 'पेनी आर्केड' आली. यांचा आपल्या जिल्ह्याशी काही संबंध नाही, हे उघड आहे. पण किती अलीकडची गोष्ट आहे, ते यावरून कळतं.

आता वेबकॉमिक म्हणजे काय? वर्तमानपत्रात तीन-चार चौकटींची चित्रपट्टी येते ना, तसंच, फक्त इंटरनेटवर. 'पेनी आर्केड'मध्ये गेब आणि टायको असे दोन मित्र आहेत. कितीतरी चित्रांत गेम दिसतच नाही. दिसतात ती गेमवर बोलणारी माणसं: नव्या गेमची वाट पाहणारी, हरल्यावर कुरकुरणारी, एकमेकांना चिडवणारी.

याची गरज का पडली? गेमला चांगला कॉम्प्युटर लागतो आणि मोकळा वेळ लागतो. २००४च्या नोव्हेंबरात 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला, त्याला तर दरमहा वर्गणी लागायची. नोकरी करणारा, परीक्षेला बसलेला, प्रवासात असलेला माणूस खेळणार कधी? चित्रपट्टी मात्र अर्ध्या मिनिटात वाचून होते. 'पेनी आर्केड' सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी यायची. म्हणजे खेळ बंद असला तरी खेळाच्या जगातलं येणं-जाणं चालू राहायचं.

आपल्याला हे नवीन नाही. बाळ ज. पंडित रेडिओवर मराठीतून क्रिकेटचं समालोचन करायचे, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कितीजणांनी मैदान पाहिलं होतं? संदीप पाटील 'एकच षटकार' हे नियतकालिक संपादित करायचे, ते वाचणाऱ्या सगळ्यांच्या हातात काही बॅट नव्हती. यात्रेतली कुस्तीची दंगल एका दिवसात संपते, पारावरची चर्चा महिनोन्महिने चालते. कोणी कोणाला कसं चितपट केलं, पंचाचं कुठं चुकलं, हे सांगणारा स्वतः कधी आखाड्यात उतरलेला असतोच असं नाही. पण त्याच्यामुळेच ती कुस्ती गावात शिल्लक राहते.

गेमच्या बाबतीत पारावरचं हे काम वेबकॉमिकनं केलं. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, त्यानं घरच्यांचेच कान धरले. २००४ साली 'पेनी आर्केड'नं एक गणितच मांडलं: साधा माणूस घ्या, त्याचं नाव लपवा, समोर प्रेक्षक द्या, की तो शिवराळ होतो. आज ट्रोलिंगवर आपण जे बोलतो, ते त्या एका चित्रात तेव्हाच आलं होतं.

दुसरी, त्यानं माणसं जोडली. गेम खेळणारी पोरं हिंसक असतात, असा सूर तिथल्या माध्यमांत होता. त्याला उत्तर म्हणून या दोघांनी २००३ मध्ये 'चाइल्ड्स प्ले' ही संस्था काढली. मुलांच्या रुग्णालयांना खेळणी आणि गेम द्यायचे, हे तिचं काम. पुढच्याच वर्षी खेळणाऱ्यांचा मेळावा सुरू झाला.

तिसरी गोष्ट इतिहासाच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची. गेम संपतो, चित्र उरतं. 'सिटी ऑफ हीरोज' या गेमचे सर्व्हर कंपनीनं ३० नोव्हेंबर २०१२ला बंद केले. बटण दाबलं आणि अख्खं शहर गेलं. त्या गेमवरची छापील कॉमिक्स मात्र लोकांच्या कपाटात राहिली. 'पेनी आर्केड'चं तर पहिल्या दिवसापासूनचं चित्र आजही उघडून वाचता येतं.

आता आपल्याकडे येऊ. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१८ मध्ये पब्जी मोबाइल आला. घरात कधी कॉम्प्युटर नसलेली पोरं थेट मोबाइलवर खेळू लागली. २०२०ला लॉकडाऊन लागला. त्याच वर्षी २ सप्टेंबरला केंद्र सरकारनं ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात पब्जीही होता. जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नव्या नावानं आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून काढला गेला, मे २०२३ मध्ये परत आला. २०२५ मध्ये तर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदाच झाला.

या सगळ्याची नोंद कुठे आहे? सरकारी आदेशांत आहे, वर्तमानपत्रांत आहे. पोरांचे डोळे बिघडले, अभ्यास बुडाला, पैसे गेले, या आईबापांच्या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्या छापूनही आल्या. पण बंदीच्या महिन्यांत पोरं काय बोलत होती, कशावर हसत होती? ‘मले उचल ना बे’ म्हणणारा गडी, मॅच रंगात असताना दळण आणायला पाठवणारी आई, आखरी झोनमध्येच गेलेलं नेट. हे विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर आले, हसून झालं, मोबाइल बदलला आणि गेले.

पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक वाशीम जिल्ह्यातल्या या पोरांवर लिहायला बसला, तर त्याच्या हाती फक्त बंदीचे आदेश आणि तक्रारी लागतील. त्यावरून तो म्हणेल, ही सगळी व्यसनी पिढी होती. तिकडच्या पोरांच्या बाजूनं त्यांची चित्रं साक्ष देतात. आपल्या पोरांच्या बाजूनं कोण बोलणार?

म्हणून इथं बसलेल्या तरुणांना एक विनंती आहे. चित्र चांगलं यायलाच पाहिजे असं नाही. वहीच्या पानावर चार चौकटी आखा, आपल्या वऱ्हाडीत लिहा, आणि खाली दोन गोष्टी न विसरता टाका: तारीख आणि गावाचं नाव. त्या दोन ओळींमुळे विनोदाचा दस्तऐवज होतो.

आता प्रश्न विचारा. खेळणाऱ्यांनी आधी विचारा, आईबापांनी नंतर.