मेंटलची वाळू

वरात असो, तमाशा असो की रात्रीचं भजन, गॅसबत्ती पेटवणाऱ्याभोवती पोरांचा गराडा पडायचाच. नवं मेंटल म्हणजे मऊ, जाळीदार पिशवी. ती नळीला बांधून पेटवली की धागा जळून जायचा आणि राखेचा सांगाडा तेवढा उरायचा. बोट लागलं की चुरा! पण पंप मारून रॉकेलची वाफ त्यावर पेटली की अख्खं अंगण लख्ख व्हायचं.

ही राख थोरियमची. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखनं 1885 साली मेंटलचं पेटंट घेतलं. पण त्याचा उजेड हिरवट पडे आणि ते टिकत नसे. खरं सूत्र त्याला 1891 मध्ये गवसलं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड, 1 टक्का सेरियम ऑक्साइड. त्या एका टक्क्याशिवाय थोरियम तापतं, पण उजळत नाही. युरोपातल्या रस्त्यांवर, घराघरांत ही मेंटलं लागली आणि साठ वर्षं फारसं कुणी न विचारलेलं थोरियम एकाएकी महाग झालं.

ते निघायचं मोनाझाइट या खनिजातून. मोनाझाइट यायचं ब्राझीलच्या किनाऱ्यावरून, आणि धंदा होता जर्मन कंपन्यांच्या मुठीत. 1909 साली शोम्बर्ग या जर्मन रसायनतज्ज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइटचे पिवळसर कण सापडले. माग काढत तो कन्याकुमारीजवळच्या मनवलकुरिचीला पोहोचला. डोंगरातले खडक झिजून नद्यांवाटे किनाऱ्याला येतात. लाटा हलकी वाळू ओढून नेतात, जड कण मागे राहतात. हे काम तिथं युगानुयुगं चाललं होतं. त्याच वाळूवर कोळ्यांच्या होड्या ओढल्या जात होत्या. थोड्याच वर्षांत तिथं वाळू निवडण्याचा कारखाना उभा राहिला.

विजेचे दिवे आले आणि मेंटलचा बाजार बसला. मग त्याच वाळूतल्या काळ्या इल्मेनाइटला पांढऱ्या रंगाच्या कारखान्यांकडून मागणी आली. पुढे अणुयुग आलं. न्यूट्रॉन शोषून थोरियमचं युरेनियम-233 हे अणुइंधन होतं, हे कळल्यावर ही वाळू देशाबाहेर जाऊ द्यायची नाही असं ठरलं. 1950 मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली, 1952 मध्ये तिचा केरळातल्या अलुव्याचा कारखाना नेहरूंच्या हस्ते सुरू झाला. प्रत्येक वेळी वाळूचा भाव दूरच्या प्रयोगशाळेत ठरला; किनाऱ्यावरच्या माणसांना कुणी विचारलं नाही, ही गोष्ट मला फार खुपते.

कल्पाक्कमची ‘कामिनी’ ही छोटी अणुभट्टी 1996 पासून थोरियमपासून केलेल्या युरेनियम-233 वर चालते. तिची क्षमता अवघी 30 किलोवॉट. थोरियमच्या मोठ्या भट्ट्या अजून व्हायच्या आहेत.