बिने-कामत कसोटी आणि सीमेवरील मराठी

शिलालेख व ताम्रपट यांच्या वाचनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत मानसशास्त्राचा विषय काढला म्हणून वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या ग्रंथाचा आम्ही येथें परामर्श घेणार आहों, तोही एका अर्थीं पाठभेदाचाच ग्रंथ आहे. व्ही. व्ही. कामत यांचें ‘मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रेन’ हें पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनें १९४० सालीं काढलें. त्याच्या आवृत्त्या १९६७ पर्यंत निघत राहिल्या. धारवाडच्या मुलांवरील त्यांच्या कामाचा वृत्तांत तत्पूर्वीं १९३४ मध्यें इंग्लंडांतील एका शैक्षणिक नियतकालिकांत आला होता.

मूळ संहिता फ्रेंच. शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखण्यासाठीं पॅरिस येथें बिने व सिमाँ यांनीं ती १९०५ सालीं रचिली. अमेरिकेंत टर्मन यांनीं १९१६ मध्यें तिचें स्टॅनफर्ड संस्करण केलें. लाहोरकडील राइस यांचें हिंदुस्थानी रूपांतर १९२९ चें. कामतांनीं आपली कसोटी कानडी व मराठी अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठीं सिद्ध केली. धारवाड व बेळगांव हे जिल्हे १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यांत व मागाहून मुंबई राज्यांतच होते, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या जोडभाषेचें कारण उलगडतें.

आतां पाठाची अडचण पाहूं. स्टॅनफर्ड संस्करणांत आठव्या वर्षाच्या मुलास वीसपासून एकपर्यंत उलट मोजावयास सांगितलें आहे. कानडी मूल वीसानंतर ‘हत्तोंबत्तु’ म्हणतें, म्हणजे दहा व नऊ. मराठी मूल ‘एकोणीस’ म्हणतें. हें संस्कृत ‘एकोनविंशति’, म्हणजे एकानें उणे वीस. एकीकडे बेरीज, दुसरीकडे वजाबाकी! प्रश्न एकच, पण दोन्ही मुलांवर पडणारा भार एक आहे असें आम्हांस वाटत नाहीं. एकोणचाळीस, एकोणपन्नास यांशीं अडखळणारीं मुलें पुढें गणितांत उत्तम निघालेलीं आम्हीं वर्गांत पाहिलीं आहेत. (परीक्षकांस हें सांगूं गेल्यास ते हसतात, ही गोष्ट वेगळी.)

आजऱ्यासारख्या गांवीं हा प्रश्न केवळ विद्वत्तेचा राहत नाहीं. पूर्वीं इचलकरंजी जहागिरींत असलेला हा हिरण्यकेशीकांठचा मुलूख मराठी खरा. परंतु गडहिंग्लज ओलांडून संकेश्वरास जातां कानडी कानीं पडूं लागते, आणि घाट उतरतां कोंकणी बोल येतो. येथील मुलाची मराठी धारवाडच्या मराठीहून निराळी, पुण्याच्या मराठीहून तर निराळीच. ही कसोटी अद्याप वापरांत आहे. मानसिक वयास खऱ्या वयानें भागून शंभरानें गुणिलें कीं जो अंक येतो, त्याच्यावर मुलाचा वर्ग, प्रमाणपत्र, कधीं कधीं आयुष्याची वाटही ठरते. बुद्धि ही अचल राशि मानणाऱ्यांचा निषेध खुद्द बिने यांनीं १९०९ मध्यें केला होता. तो अंक वापरणाऱ्यांच्या वाचनांत क्वचितच येतो.

कामतांस आम्ही दोष देत नाहीं. परक्या भाषेंतील कसोटी तशीच उचलून न लावतां ती आपल्या मुलांवर पडताळून पाहण्याचे कष्ट त्यांनीं घेतले, हेंच त्या काळीं मोठें होतें. दोष पुढील पिढ्यांचा. त्यांनीं टीकाग्रंथास मूळ संहिता मानिलें.

या कसोटीचीं जुनीं मराठी प्रश्नपत्रकें व उत्तरांचे कागद कोल्हापूर व बेळगांवकडील वृद्ध शिक्षकांच्या घरीं असण्याचा संभव आहे. संग्राहकांनीं तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. पत्रकावर साल व आवृत्ति आहे काय, एकाच प्रश्नास कोणते शब्द कोठें योजिले, हाताच्या दुरुस्त्या कोणत्या, एवढें तरी टिपून ठेवावें. पोथीच्या समासांतील टीप आपण जपतों, तशीच ही.