काळ्या दगडातील इतिहास



अहमदनगरचा भुईकोट किल्ला आपण पाहिला असेलच. निजामशाहीचा व चांदबिबीच्या 1595-96 च्या झुंजीचा इतिहास आपण पुस्तकात वाचतो. परंतु ज्या काळ्या दगडाने तो किल्ला बांधला, त्या दगडाचा स्वतःचा इतिहास सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा आहे.

हा दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस होय. त्याचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. अकोले तालुक्यातील 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखरही याच थरांचे आहे. या रसात लोहयुक्त खनिजाचे सूक्ष्म कण असतात. रस थिजून दगड निवत जातो व उष्णता सुमारे 580 अंश सेल्सियसच्या खाली येते, तेव्हा त्या कणांत पृथ्वीच्या तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची उमटते.

आता असे पाहा. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते. ध्रुवाकडे जावे तसतशी ती अधिकाधिक कलते. उत्तर गोलार्धात तिचे उत्तर टोक खाली झुकते, दक्षिण गोलार्धात वर उचलले जाते. म्हणून दगडातील कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला हे कळते. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात, त्यामुळे काही थरांत टोके उलट आढळतात. पण कलाचा कोन बदलत नाही. मात्र दगड जागचा हललेला नसावा. किल्ल्याच्या भिंतीतील चिरा येथे उपयोगी नाही. कड्यातील दगडावर दिशेची खूण करूनच नमुना घ्यावा लागतो.

खंड सरकतात, हे जर्मन संशोधक आल्फ्रेड वेगेनर यांनी 1912 साली मांडले, तेव्हा बहुतेक विद्वानांनी ते मानले नाही. पुढे केंब्रिजमधील एडवर्ड अर्व्हिंग या तरुणाने दख्खनच्या दगडाचे थोडे नमुने मोजले आणि भारत उत्तरेकडे सरकला आहे असा निष्कर्ष काढला. 1954 साली विद्यापीठाने त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध नाकारला. परंतु 1956 साली लंडनच्या क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी, तर 1959 साली डॉइच यांच्यासह राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी दख्खनच्या दगडावरील आपली मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांनीही तीच साक्ष दिली.

लाव्हा थिजला तेव्हा ही भूमी सुमारे 30 अंश दक्षिण अक्षांशावर होती. आज आपला जिल्हा 19 अंश उत्तरेच्या आसपास आहे. हा प्रवास पाच हजार किलोमीटरहून अधिक होतो! तो थांबलेला नाही. भारत आजही वर्षाला सुमारे 5 सेंटिमीटर सरकत आहे.

अर्व्हिंग यांना केंब्रिजने 1965 साली डॉक्टर ऑफ सायन्स ही उच्च पदवी दिली. पालकहो, एका परीक्षेच्या निकालावरून मुलाची योग्यता ठरवू नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरच्या पाट्या-वरवंट्याचा दगडही हाच आहे. अभ्यासाची सामग्री आपल्या दाराशीच आहे.