नळाच्या पाण्यातला निरोप्या

आमच्या बारामती-इंदापूर पट्ट्यात विहिरीचे जड पाणी तापवले की भांड्याच्या बुडाशी पांढरा थर धरतो. बाया तो लिंबाने घासून काढतात. हा थर मुख्यतः कॅल्शियमचा. शरीरातले त्याचे काम जगाला कळले, तेही साध्या पाण्यामुळेच.

१८८२ साली लंडनमध्ये सिडनी रिंगर यांनी बेडकाचे हृदय क्षारांच्या द्रावणात धडधडते ठेवले. पुढे ऊर्ध्वपातित पाणी वापरले, तर ते थांबले. १८८३ मध्ये त्यांनी छापून खुलासा केला : आधीचे पाणी नळाचे होते, त्यातले कॅल्शियम हृदय चालवत होते. दवाखान्यातल्या ‘रिंगर लॅक्टेट’ सलाइनमध्ये त्यांचे नाव आहे, आणि कॅल्शियमही.

जठराच्या अस्तरातही हाच निरोप्या. भाकरीचा वास आला की मज्जातंतू ॲसिटिलकोलीन सोडतात, आम्ल करणाऱ्या पेशीत कॅल्शियम वाढते आणि आम्लाचे पंप चालू होतात. कॅल्शियम ओळखणारे प्रथिन १९९३ साली गवसले. पुढे ते जठराच्या पेशींतही आढळले. जळजळीवर घेतलेली कॅल्शियम कार्बोनेटची गोळी आधी आम्ल शमवते. मात्र नंतर तिच्यातलेच कॅल्शियम पुन्हा आम्ल वाढवू शकते. मी कविता लिहिणारा माणूस, औषध सांगणार नाही. इतकेच सांगतो : गोळी रोज लागत असेल, तर डॉक्टरांना विचारा.