घशाचं ऑपरेशन आणि नंतरचे दिवस

नांदेडचं दुखणं हैदराबादला जायचं आणि लातूरचं मिरजेला. दोन्ही गावं निजामाच्या राज्यातली, तरी आजारी लेकरू घेऊन निघालेली माणसं दोन उलट्या दिशांना जात. याला कारण रूळ. १९०० च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटर गेज गाडी सुरू झाली आणि नांदेडच्या माणसाला हैदराबाद जवळ आलं. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाईट रेल्वेची अरुंद गाडी पोचली. तीच लाईन कुर्डुवाडी, पंढरपूर करत १९२७ मध्ये मिरजेला भिडली. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ पासून चालू होतं. त्यामुळे लातूर, औसा, निलंगा या भागातल्या घरांत ‘मिरजेला नेलं’ एवढं म्हटलं तरी दुखणं मोठं होतं हे कळायचं. नांदेडकडे तेच काम ‘हैदराबादला हलवलं’ हे दोन शब्द करायचे.

माझं माहेर नांदेड, सासर लातूर, आणि नोकरीमुळे आम्ही राहतो अहमदपूरला, दोन्हींच्या मधोमध. शाळेत मी इतिहास शिकवते. माझ्या मुलाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर जे झालं, त्यानंतर मी या विषयाचं मिळेल ते वाचत गेले. वाचताना एक गोष्ट मनाला फार लागली. घशावर सुरी कशी चालवावी, भूल कशी द्यावी, याचा इतिहास भरपूर लिहिलेला आहे. पण लेकरू घरी आल्यावर आई पुढचे दहा दिवस काय करते, ते कुणी लिहिलेलं नाही. धोका तर त्या दिवसांतही असतो.

माझ्या मोठ्या मामांचे टॉन्सिल हैदराबादला, उस्मानिया दवाखान्यात काढले. ते तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण नांदेड अजून हैदराबाद राज्यातच होतं. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. आजी त्यांना घेऊन दवाखान्याजवळच्या धर्मशाळेत राहिली. मुलगा शुद्धीवर आला तेव्हा गळ्याभोवती टॉवेल होता आणि तो लाल झाला होता, हे ती शेवटपर्यंत सांगायची. दुसरी गोष्ट सांगायची ती दुधाची. मामा दूध प्यायला लागले की ते नाकातून यायचं. आजीला वाटलं, पोराला नीट पिताच येत नाही. म्हणून ती ओरडायची. मामा आज सत्तरी ओलांडून गेले आहेत आणि अजून नाकात बोलतात. घरात सगळे ती त्यांची लकबच समजत आलो.

त्याच हैदराबादचं नाव भुलीच्या इतिहासात कायमचं कोरलेलं आहे. क्लोरोफॉर्म एडिंबरोत १८४७ मध्ये माणसांवर वापरात आलं आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी त्या भुलीत दगावली. तेव्हापासून वाद सुरू झाला, की क्लोरोफॉर्मने आधी हृदय थांबतं की श्वास? हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी यांचं ठाम मत होतं की आधी श्वास थांबतो, म्हणून नाडी धरून बसू नका, श्वासावर नजर ठेवा. निजाम महबूब अली खान यांच्या मदतीने १८८८ मध्ये पहिलं क्लोरोफॉर्म कमिशन बसलं. विलायतेत त्यावर शंका घेतल्या गेल्या, तेव्हा निजामांनी स्वतःच्या खर्चाने लंडनहून लॉडर ब्रंटन यांना बोलावून १८८९ मध्ये दुसरं कमिशन नेमलं. चारशेहून जास्त प्राण्यांवर प्रयोग झाले. रूपाबाई फर्दुनजी या लॉरींच्याच शिष्या, जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांपैकी एक. आपल्या मुलखातल्या बायका वैद्यकाच्या इतिहासात शोधायला गेलं की हे नाव मिळतं आणि मला फार अभिमान वाटतो.

लॉरी अर्धे चुकले होते. क्लोरोफॉर्मची भूल कच्ची असताना हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, हे गुडमन लेव्ही यांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. टॉन्सिलची ऑपरेशनं तेव्हा झटपट, बहुधा अशाच कच्च्या भुलीत उरकली जात, म्हणजे लेकरांना हा धोका जास्तच. पण श्वासावर नजर ठेवा ही लॉरींची शिकवण टिकली. पहिल्या महायुद्धानंतर मॅगिल यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायची पद्धत रूढ केली, आणि घशातलं रक्त फुप्फुसात उतरायची भीती बरीच कमी झाली. एवढा सगळा इतिहास लेकरू टेबलावर असेपर्यंतचा.

नंतरचं कुणीच लिहिलं नाही, असंही नाही. सुश्रुताने लिहिलं आहे. सुजलेली पडजीभ चिमटीत ओढून धरून कशी कापावी ते सांगून तो लगेच बजावतो, की जास्त कापलं तर रक्त वाहतं आणि रोगी मरूही शकतो, कमी कापलं तर सूज, लाळ, झापड, चक्कर. मग जखमेवर मिरे, अतिविषा, वेखंड वगैरेंची पूड मध-मीठ घालून चोळायला सांगतो. तुंडिकेरी, म्हणजे आपण ज्यांना टॉन्सिल म्हणतो त्यांच्या सुजेवरही असाच उपचार. रोममध्ये सेल्ससने पहिल्या शतकात टॉन्सिल बोटाने सोडवून काढायला आणि नंतर व्हिनेगरने घसा धुवायला सांगितलं आहे. आमच्याकडे पडजीभ पडली की आजी अंगठ्याला मध आणि मीठ लावून ती वर दाबायची. सुश्रुताचा आणि आजीचा धागा जोडता येईल असा पुरावा माझ्याकडे नाही, पण मध-मीठ वाचताना मला आजीचा अंगठा आठवला.

मग विसावं शतक आलं आणि टॉन्सिल काढायची लाटच आली. न्यूयॉर्कमधल्या ११ वर्षांच्या १००० मुलांची पाहणी १९३४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या ३८९ मुलांना डॉक्टरांनी तपासलं आणि १७४ जणांना ऑपरेशन सांगितलं. ज्यांना नको म्हटलं ती मुलं दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली, तर त्यांच्यातल्या ९९ जणांना सांगितलं. तिसऱ्या फेरीत आणखी ५१. शेवटी ज्यांना कुणीच ऑपरेशन सांगितलं नाही अशी ६५ मुलं उरली. १९३८ मध्ये इंग्लंडचे ग्लोव्हर यांनी दाखवलं की एका गावात ऑपरेशनं खूप आणि शेजारच्या गावात थोडी, याचा आजाराशी मेळ लागत नाही. आज डॉक्टर वर्षातून किती वेळा घसा आला, रात्री श्वास अडतो का, हे मोजून ठरवतात. हा बदल चांगला झाला. माझ्या मुलाचा श्वास झोपेत अडायचा, घोरता घोरता मध्येच सगळं शांत व्हायचं. ऑपरेशन गरजेचंच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आमच्याकडे ही ऑपरेशनं उन्हाळ्याच्या सुट्टीत करायचा रिवाज आहे. शाळा बुडत नाही, आत्या-मावश्या मदतीला येतात. आमचं ठरलं ते २०१६ च्या मे महिन्यात, लातूरला. ते साल लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं होतं, पाण्याच्या टाक्यांवर जमावबंदी लागली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी लातूरला आली होती, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. ज्या मिरजेला आमच्या सासरची माणसं लेकरं घेऊन जायची, तिथून आता आमच्यासाठी पाणी येत होतं. आणि डॉक्टर मला सांगत होते, याला जितकं पाजाल तितकं पाजा, घसा कोरडा पडू देऊ नका.

पाजायचं कसं? गिळताना दुखतं म्हणून तो थुंकीही गिळेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, घशाच्या दुखण्यात थंड देतात का कुणी? डॉक्टर म्हणाले होते, थंड द्या, आईस्क्रीम द्या. मी आंबील गार करून चमच्याने देत बसायचे. घशात पांढरा थर दिसायला लागला आणि तोंडाला वास यायला लागला. सगळ्यांनी ठरवलं की पू झाला. तो पू नसतो. जखम भरताना तिच्यावर धरलेली ती खपली असते. मग कान दुखायला लागला. सासूबाईंनी लसणाचं तेल कोमट करून ठेवलं होतं. पण कान चांगलाच असतो. टॉन्सिलच्या जागेचा आणि कानाचा एक मज्जातंतू सामाईक आहे, घशातली कळ कानात उमटते. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर त्या दोन रात्री मी इतकी घाबरले नसते.

आठवडा होत आला तेव्हा मध्यरात्री माझ्या लक्षात आलं, की तो झोपेत सारखं काहीतरी गिळतोय. तोंडात काही नव्हतं. नांदेडला आईला फोन लावला. ती म्हणाली, “दिवा लाव अन् घसा बघ. गिळू देऊ नकू लेकराला, थुकायला लाव. तुझी आजी हेच करायची.” उठवलं तेव्हा त्याला उलटी झाली, काळपट रक्ताची. खपली सुटण्याच्या त्या दिवसांत, म्हणजे पाचव्यापासून दहाव्या दिवसापर्यंत, शंभरातल्या दोन-पाच मुलांना असं रक्त येतं. झोपेतलं लेकरू ते गिळत राहतं, म्हणून बाहेर दिसत नाही. सुश्रुताला रक्ताची भीती माहीत होती, आजीला गिळण्याची खूण माहीत होती. मला दिलेल्या कागदावर मात्र इंग्रजीत एक ओळ होती, रक्त आल्यास संपर्क साधा, एवढीच.

चाकूर मार्गे लातूरला पोचेपर्यंत त्याला मी मांडीवर एका कुशीवर धरलं होतं, तोंड खाली करून. पहाटे पुन्हा भूल दिली, रक्त येणारी जागा डागून बंद केली. ज्या डॉक्टरांनी ते केलं त्यांनी मला बाहेर बसवून सगळं मराठीत समजावलं, शांतपणे, हात धुवून आल्यावर. त्यांचे उपकार मी विसरत नाही.

घरी आल्यावर मुलाच्या नाकातून पाणी यायला लागलं. आवाजही नाकात गेला. तेव्हा मला मामा आठवले. विचारलं तर डॉक्टर म्हणाले, टॉन्सिल-ॲडिनॉइड काढल्यावर टाळूचा मागचा पडदा काही दिवस नाकाची वाट नीट बंद करत नाही. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप बसतं. थोड्यांचं राहतं, त्यांना आवाजाचे व्यायाम द्यावे लागतात, क्वचित ऑपरेशन. माझ्या मुलाचं बसलं. मामांचं बहुधा राहून गेलं असावं, आणि साठ वर्षं आम्ही त्याला लकब म्हणत आलो. मी मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “म्हणजे मायीनं मला उगंच मारलं म्हण की.”

मधल्या काळात दवाखाने जवळ आले. औरंगाबादला १९५६ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज निघालं, अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये, लातूरला २००२ मध्ये. घशासाठी आता ना हैदराबाद लागतं ना मिरज. ही फार मोठी कमाई आहे आणि ती लोकांनी मागून, भांडून मिळवली आहे. पण दवाखाना जवळ आला तसं लेकरू लवकर घरी यायला लागलं, पुष्कळदा त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या. अंतर लांब होतं तेव्हा आया तिथेच राहत, धर्मशाळेत, ओळखीच्यांच्या ओसरीवर. खपली सुटायची ती दवाखान्याच्या सावलीत. आता ती सुटते अहमदपूरला, किनवटला, देगलूरला, रात्री दोन वाजता, आणि तिथे फक्त आई असते.

म्हणून मी आता बायकांना विचारून लिहून ठेवते. शाळेत पालकसभेला आलेल्या आज्या भरभरून सांगतात. आंबील की पेज, ताक चालतं की झोंबतं, लेकरू रात्री कसं निजवायचं, गिळण्याचा आवाज कसा ऐकायचा. सगळ्यात जुनी हकीकत मिळाली ती औशाकडच्या एका बाईंकडून, त्यांच्या आईची. रझाकारांच्या धामधुमीच्या आधी कधीतरी ती बैलगाडीने लातूरला आणि तिथून छोट्या गाडीने मिरजेला गेली, कडेवर घशाचं दुखणं असलेला मुलगा. ऑपरेशन झाल्यावर चार-दोन दिवसांत तिने परत निघायची घाई केली, पेरणीचे दिवस होते. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिचं गाठोडं काढून घेतलं आणि खपली पडून घसा दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय तिला स्टेशनकडे जाऊ दिलं नाही.