मोडलेला पाय आणि वर्गापर्यंतची वाट

पाय मोडलेल्या माणसासाठी प्राचीन शल्यवैद्य सुश्रुताने मऊ अंथरूण नव्हे, फळी सांगितली आहे. तिचं नाव कपाटशयन. दाराच्या फळीसारख्या सपाट पाटावर रोग्याला झोपवायचं, पायाच्या दोन्ही अंगांना आणि तळव्याशी मिळून पाच खुंट्या ठोकायच्या आणि पाय त्यांना असा जखडायचा की झोपेतही हलता कामा नये. पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीत यशवंत आयुर्वेद महाविद्यालय आहे. शल्यतंत्र शिकताना तिथल्या विद्यार्थ्यांना हा भग्नचिकित्सेचा पाठ भेटतो. पण त्यांच्यातल्याच एखाद्याचा पाय मोडला, तर तो फळीवर पडून राहत नाही. थोड्याच दिवसांत काखेत कुबड्या घेऊन वर्गाच्या दारात उभा राहतो. हजेरीचे ७५ टक्के कुणाला चुकलेत?

हाड जुळायला लागणारा काळ मात्र तेव्हापासून आजवर फारसा आटलेला नाही. सुश्रुताचा हिशेब सोपा: तरुणपणी एक महिना, मध्यम वयात दोन, उतारवयात तीन. आजचे डॉक्टर घोट्याच्या साध्या मोडीला सहा आठवडे सांगतात आणि नडगीचं हाड मोडलं असेल तर तीन-चार महिन्यांची तयारी ठेवायला लावतात. म्हणजे तरुणांच्या बाबतीत सुश्रुत जरा आशावादीच म्हणायचा. खरा बदल झाला तो वेगळाच. हाड जुळेपर्यंतचे हे महिने माणसाने कुठे काढायचे, हे बदललं.

सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे बारा आणि निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार दिले आहेत. आधार द्यायला बांबूच्या कामट्या किंवा वड, उंबर, पिंपळ, पळस, मोह, अर्जुन यांच्या साली. मंजिष्ठा, ज्येष्ठमध, रक्तचंदन आणि तांदळाचं पीठ तुपात कालवून लेप. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडून बांधायची, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, एरवी पाच. हा शेवटचा नियम नुसता पोथीतला वाटतो, पण त्यात मोठं शहाणपण आहे. मोडलेला पाय सुजतो. घट्ट बांधलेली पट्टी वेळेवर सोडली नाही, तर रक्त अडतं आणि हाडासाठी बांधलेल्या पट्टीपायी अख्खा पाय गमवायची पाळी येते.

कोल्हापूरच्या मुलखात ही विद्या पोथीपेक्षा तालमीतून जास्त फिरली. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि जिथे कुस्ती तिथे निखळलेले खांदे आलेच. ते बसवायचे वस्तादांनी. बोटांनी चाचपायचं, रोग्याला बोलण्यात गुंतवायचं आणि त्याचं लक्ष नसताना एक हिसका. सांधा निखळला असेल तर अनुभवी हात कामी येई. हाडाचेच तुकडे झाले असतील तर गोष्ट वेगळी. आत काय झालंय ते बोटांना दिसत नसतं. विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला १८९५ मध्ये. त्याआधी ही अडचण वस्तादाची होती, तशी लंडनच्या सर्जनचीही होती.

याच काळात या भागात दुसरी वैद्यकी रुजत होती. कोल्हापुरात संस्थानचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, तेच आजचं सीपीआर रुग्णालय, जुन्या माणसांच्या तोंडी थोरला दवाखाना. मिरजेत अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं. त्याच मिशनचं एक ठाणं कोडोलीत होतं आणि तिथेही दवाखाना निघाला. मोडका पाय घेऊन बैलगाडीतून कोल्हापूर किंवा मिरज गाठायची म्हणजे वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला हाडाचे तुकडे एकमेकांवर घासणार. गावातच दवाखाना असण्याचं मोल बाकी आजारांपेक्षा अशा वेळी जास्त कळत असणार.

आता प्लास्टरकडे येऊ. जिप्सम नावाचा दगड भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं. उरलेल्या भुकटीत पुन्हा पाणी घातलं की ती काही मिनिटांत गरम होत घट्ट बसते. पॅरिसजवळच्या माँमार्त्रच्या खाणींवरून तिला प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणतात. मोडलेला पाय पेटीत ठेवून भोवती हे प्लास्टर ओतण्याची पद्धत अरबांकडे होती. बसऱ्याला राहिलेल्या विल्यम ईटन या इंग्रजाने अठराव्या शतकाच्या अखेरीस तिच्याबद्दल लिहिलं. पण तो दगडी ठोकळाच. तो पायात घेऊन माणूस जाणार कुठे? कपाटशयनाचीच ती दुसरी तऱ्हा.

तिढा सोडवला एका डच लष्करी सर्जनने. हार्लेमच्या लष्करी रुग्णालयातल्या अँटोनियस मॅथायसन यांनी १८५१ मध्ये सुती पट्ट्यांत कोरडी भुकटी चोळून ठेवली आणि ऐन वेळी पट्टी भिजवून पायाला गुंडाळली. ठोकळ्याचं कवच झालं. रशियन सर्जन निकोलाय पिरोगोव्ह यांना अशीच कल्पना एका शिल्पकाराच्या कार्यशाळेत सुचली होती, आणि क्रिमियाच्या युद्धात त्यांनी ती जखमी सैनिकांवर मोठ्या प्रमाणात वापरली. आज पोरं ज्या कवचावर स्केचपेनने सह्या करतात, बदाम काढतात, ते मुळात जखमी शिपाई हलवण्यासाठी तयार झालं. पुढे व्हिएन्नाच्या लॉरेन्झ बोलर यांनी प्लास्टरखाली लोखंडी टेकू बसवून रोग्यांना चालतं केलं. मोडलेल्या पायाने उभं राहणं हा उपचारात अडथळा नाही, उपचाराचाच भाग आहे, हा विचार त्यामागे होता.

पाय चालता झाला, पण जायचं कुठे? कोडोलीच्या पोरांसाठी याचं उत्तर बरंच उशिरा मिळालं. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. कोडोलीला लागून असलेल्या वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखान्याच्या जोडीला शिक्षणसंस्था उभ्या केल्या. यशवंतराव चव्हाण वारणा महाविद्यालय १९६४ मध्ये निघालं, अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ मध्ये. त्याआधीच्या पिढीत पाय मोडला तर शेतातलं काम बुडायचं. आता लेक्चर बुडू लागलं, प्रॅक्टिकल बुडू लागलं.

विद्यापीठाच्या सत्रात शिकवण्याचे दिवस धरायचे नव्वद. त्यातले सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेले, तर राहिलं काय? म्हणून पोरं निघतात. जून-जुलैत पन्हाळ्याकडचा पाऊस आडवा येतो. साधं प्लास्टर भिजलं की मऊ पडतं, म्हणून पायाला खताची पिशवी सुतळीने बांधायची. एसटीची पायरी उंच. दोन्ही हात कुबड्यांत गुंतलेले, तेव्हा दप्तर आधी आत जातं, मग कुबड्या, मग धनी, आणि मागून ढकलायला दोन मित्र. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेतून मोटारसायकलवर पाय आडवा काढून बसायचं म्हणजे एक पाय मोडलेला असताना दुसरा पणाला लावणं. वर्गात पाय खाली सोडला की सुजतो, म्हणून पुढच्या बाकावर ठेवायचा, मग पाय सरांच्या दिशेने झाला तरी. दोन आठवड्यांनी खाज सुटते. फूटपट्टी, विणकामाची सुई, जे हाताला लागेल ते आत जातं. डॉक्टर याला सक्त मनाई करतात, कारण आत कातडी सोलली तर बाहेरून दिसतही नाही. फायबरग्लासचं कवच हलकं आणि पाण्याला सोशीक, पण महाग, आणि खाज त्यातही सुटतेच.

आणि जिना. वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा दोन पायांच्या माणसासाठी बांधलेली असते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा दीर्घकाळच्या दिव्यांगत्वाचा विचार करतो. सहा आठवड्यांचं प्लास्टर त्यात बसत नाही, बसू नयेही. पण त्या कायद्याने मागितलेला उतार प्लास्टरवाल्यालाही वर नेतो. कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था काढली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मचरित्र अनेकांनी वाचलेलं आहे. जन्मभर खुर्चीवर असणाऱ्यांनी मागितलेल्या उतारावरून, महिन्याभरासाठी लंगडणारा विद्यार्थी फुकटात चढून जातो. त्याने निदान याची जाण ठेवावी.

प्लास्टर निघतं तेव्हा भीती वाटते ती कापणाऱ्या यंत्राची. त्याचं पातं गरगर फिरत नाही, नुसतं थरथरतं, म्हणून कडक कवच कापतं आणि हलणारी कातडी सोडून देतं. आतून निघालेला पाय दुसऱ्यापेक्षा बारीक असतो, कातडीचे पापुद्रे सुटलेले असतात. मग व्यायाम. त्याचा क्रमही सुश्रुताने मोडलेल्या हातासाठी लिहून ठेवला आहे: आधी मुठीत मातीचा गोळा धरायचा, मग मिठाचा खडा, आणि हाताला बळ आलं की दगड.